टक्का वाढतो, गाव ओस पडते

मोल्दोवा या छोट्या देशाच्या दक्षिण टोकाला, बुजाक नावाच्या कोरड्या माळरानात, गागाऊझ लोकांचा स्वायत्त प्रदेश आहे. क्षेत्रफळ सुमारे १८०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रातील दोन मध्यम तालुक्यांएवढे. तेही सलग नाही. मध्येमध्ये मोल्दोवन आणि बल्गेरियन गावे आल्यामुळे त्याचे तुकडे झालेले आहेत. या लोकांची भाषा तुर्की कुळातील, धर्म ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि उपजीविका द्राक्षमळे, गहू, सूर्यफूल व मेंढ्या यांवरची. या प्रदेशात २००४ साली शिरगणती झाली तेव्हा गागाऊझांचे प्रमाण शेकडा ८२.१ भरले. २०१४ साली ते ८३.८ झाले. उरलेल्यांत बल्गेरियन, मोल्दोवन, रशियन आणि युक्रेनियन अशी प्रत्येकी पाचाच्या आतबाहेरची मंडळी. एवढेच आकडे पाहिले तर कोणालाही वाटेल की या लोकसमाजाचा पाया अधिकाधिक भक्कम होत आहे.

त्याच शिरगणतीच्या कागदावरचा दुसरा रकाना मात्र वेगळी हकिगत सांगतो. २००४ साली या प्रदेशात १,५५,६४६ माणसे मोजली गेली. २०१४ साली ती १,३४,५३५ झाली आणि २०२४ साली सुमारे १ लाख ४ हजार. वीस वर्षांत तीन माणसांमागे एक माणूस यादीतून गळाले. गागाऊझांचाच हिशेब करावयाचा तर २००४ साली ते १,२७,८३५ होते. दहा वर्षांनी, टक्का वाढलेला असताना, ते १ लाख १३ हजारांच्या आत आले. मोजणीची रीत मध्यंतरी बदलली हे खरे आहे. २०२४ साली वर्षभराहून अधिक काळ देशाबाहेर असलेल्यांना रहिवासी धरले नाही, आणि पूर्वी तेवढी काटेकोर कसोटी नव्हती. म्हणून या आकड्यांची तुलना तोळामासा करता येणार नाही. परंतु दिशेविषयी वाद संभवत नाही; आणि ज्यांना नव्या रीतीने वगळले ते घरी नव्हते म्हणूनच वगळले गेले, हे विसरून चालणार नाही.

टक्का वाढला कसा, याचे उत्तर सोपे आहे. गागाऊझ गेले आणि इतर त्यांच्याहून अधिक वेगाने गेले. नदी आटू लागली की पात्रातले खडक वर दिसू लागतात. म्हणून खडक वाढले असे कोणी म्हणत नाही. राजकारणात मात्र हे सर्रास म्हटले जाते. ‘मराठी टक्का’ हा शब्दप्रयोग मुंबईच्या निवडणुकांतून ज्यांच्या कानी पडला आहे, त्यांना या गणिताची ओळख करून देण्याची गरज नाही. टक्का हा असा आकडा आहे की त्याच्या आधारे माणसाला शेजाऱ्याकडे बोट दाखविता येते आणि स्वतःच्या रिकाम्या घराकडे पाठ फिरविता येते. कोमरात येथे बसून गागाऊझांचे नेतृत्व करणारे, किशिनाव येथे बसून त्यांच्यावर संशय घेणारे, आणि मॉस्को व अंकारा येथे बसून त्यांचे पालकत्व मिरविणारे, या सर्वांचे एका बाबतीत एकमत आहे. या खेड्यांकडे पाहताना ते सर्वजण ‘कोण राहते’ हा एकच प्रश्न विचारतात. ‘का राहवत नाही’ हा प्रश्न त्यांपैकी कोणीही विचारीत नाही.

गावातल्या माणसांना कोणत्या नावाने मोजावयाचे हे या भागात नेहमीच सत्ताधाऱ्यांच्या सोयीने ठरले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून रशिया-तुर्कस्तान युद्धांच्या धामधुमीत हे शेतकरी डॅन्यूबच्या दक्षिणेकडून बुजाकमध्ये येऊ लागले. त्यांच्याआधी तेथे राहणाऱ्या नोगाई तातारांना रशियन साम्राज्याने हलविले होते आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर कसणारे हात हवे होते. १८१२ साली बेसाराबिया रशियाच्या ताब्यात आला. १८१९ च्या डिसेंबरात निघालेल्या झारच्या फर्मानाने डॅन्यूबपलीकडून आलेल्या या वसाहतकऱ्यांना जमीन व सवलती दिल्या. सरकारी दप्तरात त्या वेळी गागाऊझ हे सामान्यतः बल्गेरियन वसाहतकऱ्यांतच जमा होते. १८९७ च्या शिरगणतीत मातृभाषा विचारली गेली, तेव्हा हीच माणसे तुर्की भाषकांच्या रकान्यात गेली. १९१८ नंतर बेसाराबिया रुमानियाकडे गेला आणि १९३० च्या शिरगणतीत गागाऊझांना स्वतंत्र रकाना मिळाला. बेसाराबियात ते ९८ हजारांच्या आसपास भरले. सोव्हिएत काळात १९८९ साली मोल्दोवात त्यांची संख्या १,५३,४५८ होती, आणि १९४० साली ओढलेल्या सीमेमुळे युक्रेनच्या बाजूला पडलेले सुमारे ३२ हजार वेगळेच.

बल्गेरियन, तुर्की, गागाऊझ अशी रकान्यावरची नावे बदलली. द्राक्षवेलीची छाटणी करणारे हात आणि विहिरीचे मचूळ पाणी मात्र तेच राहिले. आज विद्वानांत आणि पुढाऱ्यांत या लोकांच्या मुळाविषयी मोठी खडाजंगी चालते. कोणी त्यांना सेल्जुक तुर्कांचे वंशज ठरवितो, कोणी तुर्की भाषा स्वीकारलेले बल्गेरियन, तर कोणी मध्ययुगातील भटक्या टोळ्यांचे वारस. अभ्यासाचा विषय म्हणून यात गैर काही नाही. परंतु सेल्जुकांचे वंशज असल्याने द्राक्षांना भाव मिळत नाही आणि नसल्याने पाणी गोडे होत नाही.

या गावांतून माणसे कमी होण्याचा इतिहास पाहिला, तर तेथे शेजाऱ्याच्या वंशाचा दोष कोठेही आढळत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जमिनीच्या तुटवड्याने गागाऊझ कुटुंबे थेट मध्य आशियात गेली. रुमानियन अमलात, १९२० च्या दशकात, त्यांतील काही बल्गेरियन शेजाऱ्यांसह ब्राझीलला गेली. त्यानंतर आला १९४६-४७ चा दुष्काळ. पाऊस पडला नाही हे निसर्गाचे काम होते. पीक बुडालेल्या शेतकऱ्याच्या कोठीतून सक्तीची धान्यवसुली चालू ठेवणे हे सरकारचे काम होते. मोल्दोवात लाखाहून अधिक माणसे अन्नावाचून मेली, आणि दक्षिणेकडील गागाऊझ व बल्गेरियन गावे सर्वांत वाईट रीतीने भरडली गेली. दोनच वर्षांनी, जुलै १९४९ मध्ये, मोल्दोवातून पस्तीस हजारांहून अधिक माणसांना ‘कुलक’ आणि शत्रूचे हस्तक ठरवून सैबेरिया व कझाकस्तानकडे हद्दपार करण्यात आले. हे सर्व समाजवादाच्या नावाने झाले. त्याचा निषेध ज्या समाजवाद्याच्या तोंडून निघत नाही, त्याला शेतकऱ्याविषयी बोलण्याचा अधिकार उरत नाही.

या लोकांच्या इतिहासात दुसरीही एक घटना आहे, आणि तिची आठवण आजच्या पुढाऱ्यांना गैरसोयीची वाटावी अशी आहे. १९०६ च्या जानेवारीत, रशियातील पहिल्या क्रांतीच्या लाटेत, कोमरातच्या शेतकऱ्यांनी उठाव केला. आंद्रेई गालात्सान या समाजवादी तरुणाच्या पुढाकाराने झारच्या अधिकाऱ्यांना हटवून त्यांनी गावाचा कारभार स्वतःच्या हाती घेतला. ‘कोमरात प्रजासत्ताक’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग आठवडाभरही टिकला नाही. सैन्य आले आणि तो चिरडला गेला. परंतु त्या शेतकऱ्यांच्या मागण्या जमिनीच्या आणि कराच्या होत्या. आपल्या गावात आपल्या वंशाचे शेकडा किती हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

स्वायत्ततेचा लढा हा या लोकांचा खरा पराक्रम आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. १९८९ नंतर किशिनावमध्ये भाषिक राष्ट्रवादाची लाट उसळली, रुमानियात विलीन होण्याच्या घोषणा सुरू झाल्या, तेव्हा गागाऊझांना वाटलेली भीती कृत्रिम नव्हती. १९ ऑगस्ट १९९० रोजी त्यांनी आपले प्रजासत्ताक घोषित केले. त्याच ऑक्टोबरात मोल्दोवाच्या सरकारच्या चिथावणीने हजारो स्वयंसेवक बसगाड्यांतून त्यांच्यावर चालून गेले. रक्तपात थोडक्यात टळला. नीस्टर नदीकाठी १९९२ साली युद्ध झाले. येथे वाटाघाटी झाल्या. २३ डिसेंबर १९९४ रोजी मोल्दोवाच्या संसदेने गागाऊझियाला स्वायत्ततेचा कायदा दिला. एका बाजूला बाल्कनमध्ये आणि दुसऱ्या बाजूला कॉकेशसमध्ये माणसे वंशाच्या नावाने एकमेकांची गावे जाळीत असताना, दोन गरीब समाजांनी कागद-पेन घेऊन हा प्रश्न सोडविला, ही त्या दोघांच्याही शहाणपणाची साक्ष होय.

या कायद्यातच टक्क्याचे बी मात्र पेरले गेले. ज्या गावात गागाऊझ निम्म्याहून अधिक, ते गाव आपोआप स्वायत्त प्रदेशात येईल. जेथे निम्म्याहून कमी, तेथे एकतृतीयांश मतदारांनी मागणी केल्यास सार्वमत घेतले जाईल, असे कलम घालण्यात आले. प्रदेशाचे तुकडे झाले ते यामुळेच. आणि तरीही मार्च १९९५ च्या सार्वमतात खेडुतांनी जे केले ते कायदा लिहिणाऱ्यांनाही धडा देणारे होते. किर्सोवा या गावी बल्गेरियन आणि गागाऊझ जवळजवळ निम्मेनिम्मे. फेरापोंतिएव्का या गावी युक्रेनियनांचे बहुमत. ही दोन्ही गावे गागाऊझियात आहेत, ती कोणी ओढून नेली म्हणून नव्हे, तर तेथील लोकांनी तसे ठरविले म्हणून. ज्यांच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाजाराला गेलो, एकाच सामुदायिक शेतावर राबलो, त्यांच्याबरोबर राहणे त्यांना सोयीचे व न्याय्य वाटले. शिरगणतीचा रकाना माणसाला एकाच खुंट्याला बांधतो. किर्सोवाच्या मतदाराने ती दोरी सैल केली.

यानंतरच्या तीस वर्षांत त्या स्वायत्ततेचे काय झाले? सामुदायिक शेते मोडली. जमिनीचे वाटप झाले आणि माणशी सरासरी दीड हेक्टरच्या आसपासचा तुकडा हाती आला. औजारे नाहीत, पाणी नाही, कर्ज नाही. अशा स्थितीत तो तुकडा मोठ्या खंडकऱ्याला देण्यावाचून बहुतेकांना गत्यंतर राहिले नाही. कालचा सामुदायिक शेतकरी आज आपल्याच जमिनीचा खंड धान्याच्या पोत्यांत मोजून घेतो, आणि त्याच जमिनीवर मजुरी मागावयास उभा राहतो. द्राक्षमळ्यांची कुऱ्हाडीने सुरुवात झाली होती ती १९८५ च्या दारूबंदी मोहिमेत. उरलेल्यांना २००६ साली रशियाने मोल्दोवाच्या मद्यावर घातलेल्या बंदीचा फटका बसला. मोठ्या भावाने रागावून एकदा दार लावून घेतले की या गावांतील पिंपे भरलेलीच राहतात.

मग माणसे निघाली. पुरुष मॉस्कोच्या बांधकामांवर गेले. स्त्रिया इस्तंबूलला गेल्या. भाषा जवळची असल्यामुळे तुर्कस्तानातील मध्यमवर्गीय घरांत त्यांना मोलकरीण, दाई आणि वृद्धांची शुश्रूषा करणारी म्हणून काम मिळू लागले. दुसऱ्याचे मूल सांभाळण्यासाठी आपले मूल आजीजवळ ठेवून जाणारी ही आई, हीच गेल्या तीस वर्षांतील गागाऊझ खेड्याची मुख्य कमावती व्यक्ती आहे. कोकणातील मनीऑर्डरवर चाललेली गावे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. फरक एवढाच की येथे मनीऑर्डर पाठविणारी बहुधा आई असते. तुर्की बंधुत्वाचे गोडवे गाणाऱ्या भाषणांत या स्त्रीचा उल्लेख अभावानेच आढळतो. बंधुत्वाचा तिला आलेला अनुभव रोजंदारीचा आहे.

कोंगाझ हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. याल्पुग नदीकाठचे हे गाव मोल्दोवातील सर्वांत मोठे खेडे म्हणून प्रसिद्ध आहे. २००४ साली तेथे १२,३२७ माणसे होती आणि त्यांत गागाऊझ ९० टक्क्यांहून अधिक. टक्क्याच्या पुजाऱ्यांनी स्वप्नात पाहावे असे हे गाव. तेथे सुलेमान देमिरेल या तुर्की राष्ट्राध्यक्षांच्या नावाची शाळा आहे. शाळा चांगलीच गोष्ट आहे. परंतु जेथे शेजारी जवळजवळ सगळेच आपल्या वंशाचे, तेथेही शिकलेल्या मुलाला काम मिळत नाही, आणि तोही वडिलांच्या मागोमाग बसगाडीत चढतो. वंशशुद्धीने पोट भरत असते तर कोंगाझमधून एकही माणूस बाहेर पडला नसता.

भाषेची स्थितीही हेच सांगते. गागाऊझ भाषेला १९५७ साली लिपी मिळाली, काही वर्षे शाळांत ती भाषा आली आणि लवकरच बाहेरही गेली. स्वायत्त प्रदेशात ती आज राजभाषा आहे. परंतु बहुसंख्य शाळांचे माध्यम रशियन असून गागाऊझ हा एक विषय आहे. युनेस्कोने धोक्यातील भाषांत तिची गणना केली आहे. हा घात मोल्दोवनांनी केला म्हणावे तर १९९४ पासून शाळांचा कारभार मोठ्या प्रमाणात कोमरातकडेच आहे. बेशाल्मा या गावी दमित्री कारा-चोबान या कवीने १९६६ साली गावकऱ्यांकडून एकेक वस्तू जमवून संग्रहालय उभे केले. नांगर, हातमाग, मातीची भांडी त्यात जपली गेली. एका खेडुताने एकट्याच्या जिद्दीने जे केले, त्याच्या तुलनेत तीन दशकांच्या स्वायत्त शासनाने भाषेसाठी काय केले याचा जाब कोमरातच्या नेत्यांना विचारला गेला पाहिजे.

त्या नेत्यांनी जे केले ते असे. २ फेब्रुवारी २०१४ रोजी त्यांनी सार्वमत घेतले. रशियाच्या सीमाशुल्क संघाच्या बाजूने शेकडा ९८ हून अधिक मते पडली. मोल्दोवाच्या सरकारने ते बेकायदेशीर ठरविले. ऑक्टोबर २०२४ च्या राष्ट्रीय सार्वमतात युरोपीय संघाच्या विरोधात येथे शेकडा सुमारे ९५ मते पडली. त्याच वर्षी वृद्ध निवृत्तिवेतनधारकांना रशियन बँकेमार्फत दरमहा रक्कम देण्याची योजना प्रदेशाच्या प्रमुख, बाश्कान येवगेनिया गुत्सुल यांनी पुढे आणली. ऑगस्ट २०२५ मध्ये किशिनावच्या न्यायालयाने त्यांना पक्षाला बेकायदेशीर पैसा पुरविल्याच्या आरोपावरून सात वर्षांची शिक्षा दिली. हा खटला राजकीय असल्याचे त्यांचे म्हणणे आहे. खटल्याचे खरेखोटे वरच्या न्यायालयांत ठरेल. परंतु म्हाताऱ्या माणसाला परदेशी बँकेच्या कार्डाची आशा धरावी लागते, यातच या राजकारणाचे दिवाळे निघालेले आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

किशिनावच्या पुरोगाम्यांनाही या पापातून मोकळे करता येणार नाही. शेकडा ९५ लोक एका बाजूला मत देतात तेव्हा ‘हे मॉस्कोचे हस्तक’ असे म्हणून हात झटकणे सोपे असते. ज्या म्हाताऱ्याचे वेतन दोन आठवडे पुरत नाही, ज्याची बातमी, शाळा आणि मजुरी तीन पिढ्या रशियन भाषेतून आली, त्याच्यापुढे राजधानीने काय ठेवले? बहुतांशी संशय. लोकशाहीची भाषा बोलणाऱ्यांनी अल्पसंख्याकांच्या खेड्याकडे केवळ निवडणुकीच्या नकाशावरील एक चुकीचा रंग म्हणून पाहावे, हा त्यांच्या लोकशाहीचा पराभव आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. छोट्या समाजाला संख्येची चिंता करण्याचा हक्क नाही काय? लाखभर माणसांनी टक्का पाहू नये तर कोणी पाहावा? उत्तर असे की चिंता अवश्य करावी. परंतु ती टक्क्याची नसावी, माणसांची असावी. टक्का राखण्यासाठी शेजारी कमी झाला तरी चालते. माणसे राखण्यासाठी शेजारी लागतो. शाळेचा वर्ग भरण्यासाठी, दवाखाना चालू राहण्यासाठी, पाणीपुरवठ्याची नळयोजना परवडण्यासाठी आणि खंडकऱ्यापुढे एकजुटीने उभे राहण्यासाठी तो लागतो. किर्सोवाचा बल्गेरियन शेतकरी उद्या गाव सोडून गेला तर तेथील गागाऊझांचा टक्का वाढेल आणि त्यांच्या मुलांची शाळा एक पाऊल बंद होण्याच्या जवळ जाईल.

पुढील शिरगणतीत या खेड्यांसाठी निराळे रकाने मांडावेत. कोणाच्या नावावर किती जमीन आहे आणि ती कसतो कोण? किती मुले आईवाचून वाढत आहेत? गागाऊझ भाषेत किती वर्ग चालतात? गेलेल्यांपैकी किती जण परत येऊ इच्छितात, आणि परत येण्यासाठी त्यांना काय हवे आहे? या प्रश्नांची उत्तरे मॉस्को, अंकारा किंवा ब्रुसेल्सच्या बाजूने कौल देणारी नसतील. म्हणूनच ते कोणी विचारीत नाही. १९०६ साली कोमरातच्या शेतकऱ्यांनी ते स्वतःच विचारले होते. त्यांच्या नातवंडांपैकी जे अजून गावात आहेत त्यांनी ते पुन्हा विचारले पाहिजेत, आणि विचारताना शेजारच्या बल्गेरियन, मोल्दोवन व युक्रेनियन शेतकऱ्याला सोबत घेतले पाहिजे. नाहीतर असा एक दिवस येईल की गावात गागाऊझांचा टक्का शंभर भरेल, आणि तो मोजून घेण्यासाठी दार उघडावयास घरात एक म्हातारी तेवढी असेल.